पिक्सेल की रेम? माप कशाला बांधायचं ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमधल्या एका दुकानाची साइट तुम्ही करताय. डिझायनरनं सगळी मापं पिक्सेलमध्ये दिली. दुकानाच्या मालकांनी आपल्या लॅपटॉपवर क्रोमच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून ठेवलंय, पण तुमच्या साइटवरचं अक्षर काही हललं नाही. कुणीतरी सांगितलं, पिक्सेल वाईट, रेम वापरा. (१ रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराएवढं माप, सहसा १६ पिक्सेल.) तुम्ही फाइंड-रिप्लेस मारून सगळे पिक्सेल सोळानं भागले आणि रेम करून टाकले. आता अक्षर वाढतं, पण त्याच्यासोबत बॉर्डर जाड होते, कडेची मोकळी जागा फुगते, मेनू दोन ओळींत जातो आणि कार्डावरची चपलांची नावं तिसऱ्या ओळीत जाऊन कापली जातात. आणि तुमचं विचारणं आहे की मग मुळातले पिक्सेलच बरे होते का.

नाही, ते बरे नव्हते. पण सगळीकडे रेम हेही उत्तर नाही. पिक्सेल आणि रेम यांतलं चांगलं कुठलं हा प्रश्न बाजूला ठेवा. प्रत्येक मापाला एकच विचारा: हे माप नक्की कशामुळे बदलायला हवं? वाचणाऱ्यानं अक्षर मोठं केलं म्हणून बदलावं, पडदा रुंद झाला म्हणून बदलावं, शेजारच्या मजकुराचा आकार बदलला म्हणून बदलावं, की कशानंच बदलू नये? उत्तर मिळालं की एकक आपोआप ठरतं. रेम वाचणाऱ्याच्या पसंतीला बांधलेला आहे, एम त्या घटकाच्या स्वतःच्या अक्षराला, टक्के बाहेरच्या डब्याला, व्हीडब्ल्यू आणि व्हीएच खिडकीला (तिच्या रुंदीचा आणि उंचीचा शंभरावा भाग), आणि पिक्सेल यांपैकी कशालाच नाही. (कोडमध्ये ही सगळी नावं अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची, इथं वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितोय.)

आधी पिक्सेलबद्दलचा एक गैरसमज काढू. सीएसएसमधला, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतला, पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका नव्हे. १ इंचाचे ९६ भाग केले तर त्यातला एक भाग, अशी त्याची व्याख्या आहे, आणि तोही हाताच्या अंतरावरून दिसणाऱ्या आकाराच्या हिशेबानं. ज्या फोनचा पडदा आडवा १०८० ठिपक्यांचा असतो, तो ब्राउझरला बहुतेक वेळा ३६० पिक्सेल रुंद दिसतो, कारण एका पिक्सेलसाठी तो तीन ठिपके वापरतो. तेव्हा 'पिक्सेल फोनवर बारीक दिसतो' ही भीती सोडून द्या. फक्त पानाच्या वर व्ह्यूपोर्टचा (पान दिसतं त्या खिडकीचा) मेटा टॅग हवा: रुंदी डिव्हाइसएवढी, सुरुवातीचा स्केल १. तो नसेल तर फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो आणि सगळं मुंगीएवढं दाखवतो. त्याच टॅगमध्ये झूम बंद करणारी सूचना कुणी घातली असेल तर ती काढा. वाचणाऱ्याच्या हातातलं साधन काढून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

दुसरा गोंधळ झूमचा. कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबून पान मोठं केलं की पिक्सेलसुद्धा मोठे होतात. तिथं रेम आणि पिक्सेल यांत फरक नाही. फरक पडतो तो ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मूळ अक्षर बदललं तर. क्रोममध्ये मध्यम म्हणजे १६ पिक्सेल, मोठं म्हणजे २०, खूप मोठं म्हणजे २४. ही पसंती रेमपर्यंत पोचते, पिक्सेलपर्यंत पोचत नाही. तुमच्या मालकांना हेच जाणवलं. एके काळी अडचण याहून मोठी होती: इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत पिक्सेलमधलं अक्षर मेनूतून मोठं करताच येत नसे. पूर्ण पान झूम होण्याची सोय सातव्या आवृत्तीत, २००६ मध्ये आली. 'पिक्सेल वाईट' हा सल्ला त्या काळातला आहे. त्यातला अर्धा भाग अजून खरा आहे आणि तो अक्षरापुरता आहे.

आता तुमच्या फाइलकडे येऊ. सगळ्यात आधी मूळ घटकावर, म्हणजे एचटीएमएल टॅगवर, फॉन्ट-साइझ काय दिलाय ते बघा. तिथं १० किंवा १६ पिक्सेल असं लिहिलं असेल तर पुढचे सगळे रेम फुकट, कारण रेम त्याच आकड्याला बांधलेला असतो आणि तो आकडा तुम्ही खिळ्यानं ठोकून टाकलाय. 'रेम वापरूनही अक्षर वाढत नाही' अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हीच ओळ शोधतो. तिथं १०० टक्के लिहा किंवा ती ओळच काढून टाका.

काही जण तिथं ६२.५ टक्के लिहितात, म्हणजे १ रेम बरोबर १० पिक्सेल होतो आणि भागाकार तोंडी करता येतो. पसंती मोडत नाही, हे खरं; मूळ अक्षर २४ असेल तर १.६ रेम २४च भरतं. पण मग बॉडीवर, म्हणजे पानाचा सगळा मजकूर ज्यात असतो त्या घटकावर, आठवणीनं १.६ रेम द्यावं लागतं. बाहेरून आणलेला कुठलाही तयार तुकडा, म्हणजे पेमेंटची खिडकी, तारखेचं कॅलेंडर, १ रेम म्हणजे १६ धरून लिहिलेला असतो, तो एकदम बारीक होऊन बसतो. मी ही युक्ती वापरत नाही. सात आकडे पाठ झाले की काम भागतं: १४ म्हणजे ०.८७५ रेम, १६ म्हणजे १, १८ म्हणजे १.१२५, २० म्हणजे १.२५, २४ म्हणजे १.५, ३२ म्हणजे २, ४० म्हणजे २.५. याहून जास्त वेगवेगळे आकार एका साइटला लागत असतील तर अडचण एककाची नाही, डिझाइनची आहे.

म्हणजे अक्षराचा आकार रेममध्ये. याला अपवाद जवळपास नाही. मराठी मजकुराला मी १ रेमऐवजी १.१२५ रेम धरतो, कारण बऱ्याच फॉन्टमध्ये त्याच आकड्याला देवनागरी अक्षराचं पोट रोमन अक्षरापेक्षा लहान दिसतं, आणि जोडाक्षरं तर आणखीच दाटतात. 'ष्ट्र', 'ल्ह', 'द्ध्य' ही अक्षरं तुमच्या निवडलेल्या फॉन्टमध्ये स्वस्तातल्या फोनवर स्पष्ट दिसतात का ते प्रत्यक्ष बघून ठरवा. फॉन्ट बदलला तर हा आकडाही बदलू शकतो.

एम कुठं? एम दोन प्रकारे वागतो आणि तिथंच लोक फसतात. फॉन्ट-साइझमध्ये लिहिला तर तो बाहेरच्या घटकाच्या अक्षराचा हिशेब धरतो. पॅडिंग (घटकाच्या आतली मोकळी जागा), मार्जिन (बाहेरची), रुंदी यांत लिहिला तर त्या घटकाच्या स्वतःच्या अक्षराचा. पहिल्या प्रकारात गुणाकार साचत जातो. यादीतल्या ओळीला ०.९ एम दिलं आणि यादीच्या आत यादी, तिच्या आत आणखी एक यादी असेल, तर १६ चं १४.४ होतं, मग १२.९६, मग ११.६६. तिसऱ्या पातळीवरचा मजकूर वाचायला चष्मा पुसावा लागतो. म्हणून फॉन्ट-साइझला एम मी लावत नाही, फक्त ज्याला मुद्दाम शेजारच्या मजकुराच्या प्रमाणात राहायचंय त्याला लावतो: किमतीच्या वरचा छोटा आकडा, वाक्यातला कोडचा तुकडा, असं काही.

दुसऱ्या प्रकारात मात्र एमसारखं सोयीचं एकक नाही. बटणाचं पॅडिंग वर-खाली ०.७५ एम आणि दोन्ही बाजूंना १.२५ एम द्या. मग त्याच बटणाला एका जागी १ रेम आणि दुसऱ्या जागी १.२५ रेम अक्षर दिलं तरी बटण प्रमाणात राहतं, वेगळी मापं लिहावी लागत नाहीत. मजकुराशेजारच्या चिन्हाची उंची-रुंदी १ एम ठेवली की फोनचं चिन्ह आणि 'फोन करा' हे शब्द कायम जोडीनं वाढतात.

आता ज्याला रेम करायला नको होतं ते. बॉर्डर परत पिक्सेलमध्ये आणा. १ पिक्सेलची रेष ही रेष आहे. वाचणाऱ्याला अक्षर मोठं हवं होतं, रेष जाड नको होती. शिवाय ०.०६२५ रेम असा आकडा मूळ अक्षर २४ झालं की १.५ पिक्सेल होतो, आणि ब्राउझर तो पडद्याच्या ठिपक्यांत बसवताना खालच्या पूर्ण ठिपक्यावर आणतो. म्हणजे साध्या पडद्यावर ती १च राहते, दाट पडद्यावर जराशी जाड होते. अशी लहर कशाला हवी? कोपऱ्याची गोलाई, सावली, कडेची फोकस-रेष हेही पिक्सेलमध्येच राहू द्या.

मोकळ्या जागेचं जरा विचारानं करायला हवं, आणि तुमची निम्मी अडचण इथंच आहे. उभी मोकळी जागा, म्हणजे दोन परिच्छेदांमधली, मथळा आणि मजकूर यांमधली, अक्षरासोबत वाढायला हवी. २४च्या अक्षराला १६च्या हिशेबाचं अंतर ठेवलं तर परिच्छेद एकमेकांत घुसल्यासारखे दिसतात. तिथं रेम किंवा एम बरोबर आहे. पण पानाच्या डाव्या-उजव्या कडेची जागा वेगळी. ३६० पिक्सेलच्या फोनवर दोन्ही बाजूंना २ रेम दिलेत. मूळ अक्षर १६ असताना ६४ पिक्सेल जातात, मजकुराला २९६ उरतात. अक्षर २४ झालं की कडेला ९६ जातात आणि उरतात २६४. म्हणजे ज्याला मोठं अक्षर लागतं, त्यालाच जागा कमी. 

आडव्या कडेला म्हणूनच पडद्याशी बांधलेलं माप द्या. मी क्लॅम्प वापरतो: कमीत कमी १२ पिक्सेल, मधलं ४ व्हीडब्ल्यू, जास्तीत जास्त ३२ पिक्सेल. ३६०च्या फोनवर हे १४.४ पिक्सेल भरतं, ८०० पिक्सेलच्या खिडकीला ३२ वर जाऊन थांबतं, आणि अक्षर कितीही मोठं केलं तरी जागा खात नाही. कार्डांमधल्या आडव्या फटीलाही हाच न्याय.

उंचीबद्दल मात्र मी हट्टी आहे. ज्या डब्यात मजकूर आहे त्याला ठाम उंची द्यायचीच नाही, कुठल्याही एककात नाही. तुमच्या कार्डांवरची नावं का कापली गेली ते बघा. नावाच्या पट्टीला ४८ पिक्सेल उंची होती, म्हणजे १६च्या अक्षराच्या दीडपट उंचीच्या बरोबर दोन ओळी. तुम्ही ती ३ रेम केलीत. २४च्या अक्षराला ती ७२ झाली, म्हणजे अजूनही दोनच ओळी. पण पट्टीची रुंदी काही दीडपट झाली नाही, फोनची रुंदी आहे तेवढीच राहिली. 'कापशी चप्पल, दुहेरी तळ, गोंडा असलेली' हे नाव आधी दोन ओळींत बसत होतं, आता तीन ओळी मागतंय. तिसरी ओळ ओव्हरफ्लो, म्हणजे डब्याबाहेर जाणारा मजकूर, लपवल्यामुळं गायब. उंचीऐवजी मिन-हाइट, म्हणजे किमान उंची, लिहा. सगळी कार्डं एका रांगेत सारखी दिसावीत म्हणून उंची ठोकली असेल, तर ते काम ग्रिड (रांगा-स्तंभांची मांडणी) स्वतःच करतं. एका रांगेतले डबे मुळात सारख्याच उंचीचे ताणले जातात. आणि किमान दोन ओळींची जागा राखायचीच असेल तर मिन-हाइटला २ एलएच लिहा. एलएच म्हणजे त्या घटकाच्या ओळीची उंची. २०२३ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये चालतो.

ओळीच्या उंचीचं एकक विचारलंत तर उत्तर आहे: एककच नको. नुसता आकडा, उदाहरणार्थ १.७. बॉडीवर १.७ एम किंवा १७० टक्के लिहिलं तर त्याचं उत्तर आधी काढलं जातं, १६च्या हिशेबानं २७.२ पिक्सेल, आणि ते उत्तर खालच्या सगळ्या घटकांना वारसा म्हणून मिळतं. ४० पिक्सेलच्या मथळ्यालाही ओळ २७.२चीच मिळते आणि दोन ओळी एकमेकींवर चढतात. नुसता आकडा दिला तर आकडाच वारशानं जातो, आणि प्रत्येक जण आपल्या अक्षराशी गुणून घेतो.

मराठीत याचा फटका जास्त बसतो. इंग्रजीसाठी केलेल्या तयार थीममध्ये मथळ्याची ओळ १.१ किंवा १.२ असते. देवनागरीला शिरोरेघेच्या वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार असतात आणि खाली उकार, पाय मोडलेली अक्षरं असतात. समजा मथळा दोन ओळींत मोडला, वर 'अस्सल कोल्हापुरी' आणि खाली 'वर्षानुवर्षं टिकणारी'. वरच्या 'पु'चा उकार खालच्या 'र्षं'च्या रफार-अनुस्वारावर टेकतो. मथळ्याला किमान १.३५ आणि मजकुराला १.६ ते १.८ द्या, मग फॉन्टप्रमाणे थोडं इकडं-तिकडं करा. त्याच थीममध्ये मथळ्याला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असेल तर मराठीसाठी ते शून्य करा. ते पिक्सेलमध्ये असो की एममध्ये, शिरोरेघ तुटते आणि शब्दाची अक्षरं सुटी पडल्यासारखी दिसतात.

मजकुराच्या रुंदीबद्दल इंग्रजीत ६५ सीएच असा सल्ला सर्रास मिळतो. सीएच म्हणजे त्या फॉन्टमधल्या रोमन शून्याची रुंदी. मराठी ओळीच्या लांबीशी त्याचा काही संबंध नाही, आणि फॉन्टच्या यादीत पहिला रोमन फॉन्ट असेल तर मोजला जातो तो त्याचा शून्य. मी परिच्छेदाला मॅक्स-विड्थ ३४ एम देतो. १८च्या अक्षराला ते ६१२ पिक्सेल होतं आणि ओळीत साधारण दहा-बारा शब्द मावतात. फोनवर ही मर्यादा लागूच होत नाही, मोठ्या पडद्यावर ओळ फार लांब जात नाही, आणि अक्षर वाढलं तरी शब्दांची संख्या तेवढीच राहते.

पडद्याच्या रुंदीवर अक्षराचा आकार सोडायचा का? नुसत्या व्हीडब्ल्यूवर कधीच नाही. मथळ्याला ५ व्हीडब्ल्यू दिलं तर फोनवर तो १८ पिक्सेल होतो, मजकुराएवढाच, आणि १९२० पिक्सेलच्या पडद्यावर ९६. त्याहून वाईट म्हणजे झूम केलं तरी वाढत नाही. पान दुप्पट केलं की खिडकीची रुंदी पिक्सेलच्या हिशेबात निम्मी होते, त्यामुळं ५ व्हीडब्ल्यू डोळ्याला होता तेवढाच राहतो. वेबच्या सुलभतेच्या नियमांत मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता आला पाहिजे अशी अट आहे. ही मांडणी ती मोडते. उपाय म्हणजे त्यात रेम मिसळणं: क्लॅम्पमध्ये कमीत कमी १.५ रेम, मध्ये १ रेम अधिक २ व्हीडब्ल्यू, जास्तीत जास्त २.५ रेम. हिशेब करून बघा. ४०० पिक्सेल रुंदीपर्यंत मथळा २४वर राहतो, तिथून हळूहळू वाढतो आणि १२०० पिक्सेलला ४०वर पोचून थांबतो. मधल्या हिश्शात रेम असल्यामुळं झूमही लागू पडतं आणि सेटिंगमधली पसंतीही. हे फक्त मथळ्यांना करा. परिच्छेदाच्या अक्षराला अशी ओढाताण करायची गरज नसते.

व्हीडब्ल्यूचा निघालाच आहे विषय, तर पूर्ण रुंदीच्या पट्टीला १०० व्हीडब्ल्यू लिहू नका. विंडोजवर उभा स्क्रोलबार त्या मापातून वजा होत नाही, आणि पान आडवं थोडंसं सरकायला लागतं. १०० टक्के लिहा, किंवा काहीच लिहू नका. ब्लॉक घटक आपोआप रुंदी भरतो. तसंच पहिल्या मोठ्या फोटोला १०० व्हीएच दिलं तर फोनवर पत्त्याची पट्टी दिसत असताना फोटोचा तळ खाली जातो आणि 'माप द्या, ऑर्डर करा' हे बटण नेमकं दिसत नाही. तिथं १०० एसव्हीएच वापरा, म्हणजे पट्टी दिसत असतानाची लहान उंची. हे एकक मुख्य ब्राउझरमध्ये २०२२ पासून आहे. आणि इथंही मिन-हाइटच.

मीडिया क्वेरी, म्हणजे 'खिडकी एवढी रुंद असेल तरच हे नियम' अशी अट, हा भाग बहुतेक जण पिक्सेलमध्ये ठेवतात, पण तुमच्या मोडलेल्या मेनूचं उत्तर इथं आहे. ७६८ पिक्सेलऐवजी ४८ एम लिहा. मीडिया क्वेरीतला एम तुमच्या फाइलमधल्या फॉन्ट-साइझकडे बघत नाही, थेट ब्राउझरच्या मूळ अक्षराकडे बघतो. नेहमीच्या माणसाला ४८ एम म्हणजे ७६८च. पण मूळ अक्षर २४ ठेवणाऱ्याला ते ११५२ होतं. त्यामुळं १०२४ पिक्सेलच्या खिडकीत त्याला आडवा सात शब्दांचा मेनू न मिळता फोनसारखी उघडझाप करणारी यादी मिळते, आणि एका रांगेत कार्डं तीनऐवजी दोन किंवा एकच येतं. त्याला हवं तेच. अक्षर मोठं झालं म्हणजे पडदा त्या मानानं अरुंद झाला, हे मांडणीला कळायला हवं.

कार्डांच्या ग्रिडला तर क्वेरीही नको. ऑटो-फिट (मावतील तेवढे स्तंभ) लावा, स्तंभाची कमीत कमी रुंदी १६ रेम, जास्तीत जास्त १ एफआर, म्हणजे उरलेल्या जागेचा एक वाटा. फक्त १६ रेम सरळ न लिहिता '१०० टक्के आणि १६ रेम यांतलं लहान' असं मिन फंक्शनमध्ये लिहा, नाहीतर २४च्या अक्षराला १६ रेम म्हणजे ३८४ होतात आणि ३६०च्या फोनवर कार्ड कडेबाहेर जातं. चपलांच्या फोटोंना मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो, आणि टॅगमध्ये मूळ रुंदी-उंचीचे आकडे, म्हणजे फोटो उतरताना खालचा मजकूर उडी मारत नाही. फोटोला रेम अजिबात नको.

वर चिकटून राहणारी पट्टी तुमच्या डिझाइनमध्ये ८० पिक्सेलची आहे. १३६६ बाय ७६८च्या लॅपटॉपवर २०० टक्के झूम केलं की उंची जेमतेम ३८४ पिक्सेल उरते, त्यातूनही ब्राउझरचा स्वतःचा भाग जातो. म्हणजे पाचवा हिस्सा त्या पट्टीनंच खाल्ला. पट्टी चिकटवण्याची सूचना 'उंची किमान ३० एम असेल तरच' अशा क्वेरीत टाका. पडदा बुटका झाला की ती मजकुरासोबत वर निघून जाईल.

बोटानं दाबायच्या जागा हा पिक्सेलचा आणखी एक हक्काचा प्रांत. बोटाचं टोक अक्षराच्या सेटिंगनं बदलत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या सुलभतेच्या नियमांच्या २.२ आवृत्तीत किमान २४ बाय २४ पिक्सेल ही पातळी आहे, पण बटणाला मी मिन-हाइट ४४ पिक्सेल देतो. मापाच्या आकड्यांची बटणं (६, ७, ८, ९...) शेजारी-शेजारी असतात, तिथं घाईत चुकीचा आकडा दाबला जातो आणि चप्पल परत येते. फॉर्मच्या चौकटीतलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा कमी ठेवू नका. आयफोनवर सफारी अशा चौकटीला बोट लावताच पान आपोआप झूम करतो. '१ रेम आणि १६ पिक्सेल यांतलं मोठं' असं मॅक्स फंक्शन लिहिलं की दोन्ही सांभाळलं जातं.

हे सगळं कुठं लागू नाही तेही सांगतो. ऑर्डर मिळाल्याची ईमेल पिक्सेलमध्येच करा. मेलच्या प्रोग्रामांत रेमचा भरवसा नाही. दुकानाच्या गल्ल्यावर एकाच यंत्रावर चालणारं बिलाचं पान असेल आणि ते वापरणारे दोघंच असतील, तर त्यांना विचारून माप ठोकलं तरी बिघडत नाही. जुनी, मोठी साइट हातात आली असेल तर सगळं एकदम बदलू नका. अक्षरं, ओळीची उंची आणि मीडिया क्वेरी एवढंच आधी करा, त्यानंच बराच फरक पडतो.

तपासायची माझी रीत अशी. क्रोमच्या सेटिंगमध्ये दिसण्याच्या विभागात अक्षर 'खूप मोठं' करा आणि सगळी पानं एकदा वरून खाली बघा. काही कापलं गेलं का, काही एकमेकांवर चढलं का, आडवा स्क्रोल आला का. मग अक्षर परत मध्यम करून १२८० पिक्सेल रुंद खिडकीत ४०० टक्के झूम करा. ते ३२० पिक्सेलच्या पडद्याबरोबर होतं, आणि त्यात आडवं न सरकवता मजकूर वाचता आला पाहिजे. शेवटी दोन्ही एकत्र: २४चं अक्षर आणि ३६०ची रुंदी. बहुतेक चुका या तिसऱ्या फेरीत सापडतात. तपासताना इंग्रजीतला नमुना मजकूर ठेवू नका. 'महालक्ष्मी मंदिराजवळ, कोल्हापूर' असा खरा पत्ता, खरी लांब नावं आणि पाच आकडी किंमत टाका.

राहिला तुमच्या मापाच्या तक्त्याचा प्रश्न. डिझायनरनं तिथं सेंटिमीटर एकक वापरून पडद्यावर पट्टी काढलीय, म्हणजे गिऱ्हाईक पाय लावून बघेल असा विचार. तो चालणार नाही. पडद्यावर सीएसएसचा सेंटिमीटर खऱ्या पट्टीशी जुळत नाही. तो फक्त ३७.८ पिक्सेलचं दुसरं नाव आहे. २५ सेंटिमीटरचा पाय म्हणजे ९४५ पिक्सेल, आणि त्याची खरी लांबी प्रत्येक फोनवर, प्रत्येक लॅपटॉपवर वेगळी दिसणार. मागवलेली चप्पल मग आखूड तरी येईल नाहीतर टाचेत ढिली. पडद्यावर फक्त आकड्यांचा तक्ता द्या, आणि पाय कागदावर ठेवून टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत कसं मोजायचं त्याचं चित्र द्या.

पाय ठेवून बघायचा तक्ता हवाच असेल तर तो छापायला द्या. छपाईच्या स्टाइलशीटमध्ये सेंटिमीटर आणि मिलिमीटर खरे असतात, तिथं तीच योग्य एककं. पान ए-४, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर; चारी बाजूंना १० मिलिमीटर सोडले तर लांबीत २७७ उरतात, तेव्हा २७ सेंटिमीटरपर्यंतचा पाय मावतो. त्याहून मोठ्या पायाला 'दुकानात फोन करून माप सांगा' असं लिहा. छापताना स्केल १०० टक्के हवा. 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला की सगळं काही टक्क्यांनी आकसतं आणि ते डोळ्याला कळत नाही. म्हणून तक्त्याच्या कोपऱ्यात बरोबर १० सेंटिमीटरची एक रेघ छापा आणि शेजारी लिहा: 'ही रेघ शाळेच्या पट्टीनं मोजा. १० सेंटिमीटर भरत नसेल तर या कागदावर पाय मोजू नका.'